छातीचं माप

अनिशने शर्ट मशीनवर ठेवला आणि म्हणाला, "बाबा, हा छातीत जरा सैल करून द्या."

मी शर्ट उलटा केला. बाजूच्या शिवणीत अर्धा इंच कापड सोडलेलं होतं. ते मीच सोडलं होतं. टीप उसवायला ब्लेड उचललं आणि माझा हात तिथेच थांबला. हेच शब्द मी याआधी दोनदा ऐकले होते, त्याच्या आईकडून.

मी लेडीज टेलर आहे. लालबागला आमच्या चाळीच्या जिन्याखाली माझं दुकान आहे आणि दुसऱ्या माळ्यावर आमची खोली. तीस वर्षं मी या भागातल्या बायकांचे ब्लाउज शिवतो. आमच्या धंद्यात बाईला टेप लावायची वेळ फारशी येत नाही. ती मापाचा ब्लाउज घेऊन येते, म्हणजे अंगाला नीट बसणारा जुना ब्लाउज. त्यावरून मी नवा कापतो. कुठे कमी-जास्त करायचं असेल तर बोट ठेवून दाखवते. कोणालाच काही बोलावं लागत नाही.

माझ्या बायकोने, मंजुळानेही तसंच केलं होतं. ब्लाउज आणला, डाव्या बाजूवर बोट ठेवलं. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "काय नाय ओ. घट झालो हा. सैल करून देवा." मी सैल केला. चार महिन्यांनी ती तोच ब्लाउज परत घेऊन आली. मी परत सैल केला. त्यानंतर आणखी चार महिन्यांनी ती परळच्या हॉस्पिटलात गेली, तीही माझ्याबरोबर नाही, शेजारच्या आनंदीबाईंबरोबर. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला बोलावून विचारलं, इतके दिवस काय करत होतात? मी ब्लाउज उसवत होतो, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार?

ऑपरेशन झालं, केमो झाले, पावणेदोन वर्षं गेली. अनिशने शर्ट आणला तेव्हा तिला जाऊन अकरा महिने झाले होते.

मी ब्लेड खाली ठेवलं. म्हटलं, उभा राहा, टेप लावतो. तो म्हणाला, त्याची काय गरज आहे, शर्टावरून करा. मी म्हटलं, माप घेतल्याशिवाय मी हात लावणार नाही. सव्वीस वर्षांचा मुलगा, लोअर परळला एका ऑफिसात डिझाइनचं काम करतो, पण माझ्यासमोर शाळेतल्यासारखा हात वर करून उभा राहिला.

छाती साडेपस्तीस भरली. गेल्या दिवाळीला चौतीस होती. पोट होतं तेवढंच होतं. टेप ओढताना माझा अंगठा त्याच्या डाव्या बाजूला लागला आणि तो कळवळून मागे सरला. पण त्याआधी मला लागलं होतं. कातडीखाली काहीतरी टणक होतं, सुपारीएवढं.

"संध्याकाळपर्यंत देतो," एवढंच मी म्हणालो. तो गेला आणि मी शर्ट सैल करून टाकला. टीप मारून झाल्यावर लक्षात आलं की मी तिसऱ्यांदा तेच केलं होतं.

पुरुषांनाही हा आजार होतो हे मला माहीत होतं. मंजुळाच्या केमोच्या दिवशी आमच्या बाकावर गुहागरचा एक ड्रायव्हर बसायचा. मला वाटायचं, बायकोला घेऊन येतो. एक दिवस नर्सने नाव पुकारलं आणि तोच उठला. परत आल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, "बघताय काय दादा, आमाला पण छाती असते." तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉस्पिटलात जाऊन केसपेपरच्या खिडकीवर उभा राहिलो. तिथल्या माणसाने पेशंट कुठे आहे विचारलं. मी म्हटलं, घरी आहे, त्याला अजून माहीत नाही. तो म्हणाला, मग आधी त्याला सांगा आणि घेऊन या.

रविवारी दुपारी जेवणं झाली. अनिश मोबाइल घेऊन कॉटवर पडला होता. मी उठून खोलीचं दार लावलं. आमच्याकडे भरदिवसा दार कोणी लावत नाही. आनंदीबाई बाहेर गॅलरीत जवळा निवडत बसल्या होत्या. त्यांनी लगेच विचारलं, "काय ओ रमाकांत, काय झाला?" मी आतून म्हटलं, ऊन येतंय. आमच्या गॅलरीत दुपारी ऊन येत नाही हे त्यांनाही माहीत होतं.

मी अनिशला म्हटलं, उद्या माझ्याबरोबर परळला यायचं. तो म्हणाला, कशाला? मी म्हटलं, माप घेताना मला हाताला गाठ लागलीय. तो उठून बसला. मग तो म्हणाला, "काही नाहीये, बाबा."

"तुझी आई पण हेच म्हणाली होती."

"आईचं वेगळं होतं."

"वेगळं आहे की तेच आहे ते डॉक्टर सांगतील. शर्ट वर कर, मला बघू दे."

त्याने दोन्ही हात छातीवर घट्ट धरले. मी हात धरून ओढला. आयुष्यात मी त्याच्यावर हात उचलला नव्हता. त्याने मला ढकललं, मी टेबलावर आपटलो, टेबलावरचा तांब्या खाली पडला. बाहेर आनंदीबाईंचं सूप थांबलं. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो, धापा टाकत.

मग त्याने हळू आवाजात सांगितलं. पाच महिने झाले, तो गोळ्या घेत होता. दादरला एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडून. त्याआधी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे वर्षभर जाणं झालं होतं, गोळ्यांसाठी लागणारं त्यांचं पत्र मिळालं होतं. गोळ्यांनी पुरुषाचं हार्मोन कमी होतं आणि बाईचं हार्मोन शरीरात जातं. चार-पाच महिन्यांत छातीत निपलच्या खाली असं टणक येतं, दुखतं, एकीकडे आधी येतं आणि दुसरीकडे मागून. वयात येणाऱ्या मुलींना येतं तसंच.

"हा आजार नाहीये. हे यावं म्हणून मी गोळ्या घेतेय," ती म्हणाली. "मी मुलगी आहे, बाबा. आज झाले नाही. मला कळायला लागल्यापासून आहे."

इथून पुढे मी तिला ऋतिका लिहितो, कारण तेच तिचं नाव आहे. त्या दिवशी ते नाव माझ्या तोंडात बसलं नव्हतं. पुढे बरेच दिवस बसलं नाही.

मला पहिल्यांदा बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? ती मरणार नाही, एवढंच डोक्यात आलं आणि मी कॉटवर बसलो. राग मागून आला. चाळीत काय सांगायचं, गावाला गणपतीला गेल्यावर भावकीत काय सांगायचं, सगळं एकदम डोक्यात आलं. मी विचारलं, आईला माहीत होतं?

हॉस्पिटलात असताना सांगितलं होतं, ऋतिका म्हणाली. मंजुळा म्हणाली होती, "आदी माजा होऊन जांवदे, मगे बाबांका सांगूया."

ते मंजुळाचंच बोलणं होतं, बनवून सांगता येणार नाही असं. मी खाली पडलेला तांब्या उचलला, फरशी पुसली. पुसता पुसता दुसरी गोष्ट मनात आली.

"त्या दादरच्या डॉक्टरांना आईचं सांगितलंस?"

ती कॉटवरचा मोबाइल उचलायला वाकली.

"विचारलं असेल ना त्यांनी. घरात कोणाला होतं का म्हणून."

"फॉर्मवर होतं." ती जमिनीकडे बघत म्हणाली. "मी 'नाही' लिहिलं."

बाईचं हार्मोन. मंजुळाच्या वेळी हा शब्द मी डॉक्टरांच्या तोंडून शंभर वेळा ऐकला होता. तिचा आजार त्याच हार्मोनवर वाढणारा आहे, म्हणून ते बंद करायची गोळी आहे, असं त्यांनी मला समजावलं होतं. ती गोळी मी रोज सकाळी मंजुळाच्या हातावर ठेवायचो. आणि इथे माझं मूल तेच हार्मोन बाहेरून घेत होतं.

मी म्हटलं, उद्याच्या उद्या जाऊन सांगायचं. ती म्हणाली, नाही. सांगितलं तर गोळ्या बंद करतील. तेराव्या वर्षापासून ती थांबली होती. आरशात बघायला नको म्हणून अंधारात आंघोळ करत होती. आता कुठे अंग आपलं वाटायला लागलं होतं. मी म्हटलं, आणि आईसारखं झालं तर? ती म्हणाली, झालं तर झालं. मी म्हटलं, असं लपवूनच तुझी आई गेली.

तेव्हा ती माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "तिने लपवलं. आणि तुम्ही काय केलंत? दोनदा ब्लाउज सैल करून दिलात. एकदा तरी नीट विचारलंत?"

मी दार उघडून खाली दुकानात गेलो. कोणाचा तरी परकर मशीनवर होता, तो शिवून संपवला.

शनिवारी तिची दादरची वेळ होती. तिने मला येऊ नका म्हटलं. मी मंजुळाची फाइल पिशवीत घातली आणि आधीच जाऊन बसलो. मला बघून ती दारातूनच परत वळली होती. मग आत आली आणि दोन खुर्च्या सोडून बसली. मी तिला म्हटलं, फाइल तुझ्याकडे घे, दाखवायची की नाही ते तू ठरव, मी आत येणार नाही. खरं तर मला ते जमलं असतं की नाही, सांगता येत नाही. फाइल पंधरा मिनिटं मधल्या खुर्चीवर पडून होती. नाव पुकारलं तशी ती उठली, फाइल घेतली आणि मला म्हणाली, "चला मग. आलाच आहात तर."

डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या. ऋतिकाने फाइल पुढे केली आणि फॉर्मवर खोटं लिहिलं होतं हे सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी पडद्यामागे नेऊन तिला तपासलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, छातीत जे लागतंय ते औषधाने यायला हवं तसंच आहे, निपलच्या बरोबर खाली आहे, दोन्हीकडे आहे. त्याची काळजी नको. तरी सोनोग्राफी करून घेऊ. मग त्या फाइल चाळायला लागल्या. मध्येच एका कागदावर थांबल्या. तो इंग्रजीतला कागद त्यांनी दोनदा वाचला.

त्या म्हणाल्या, मंजुळाच्या रक्ताची जनुकांची तपासणी झाली होती. त्यात दोष निघाला होता. असा दोष मुलांमध्ये उतरायची शक्यता निम्मी असते. "इथे खाली लिहिलंय, नातेवाइकांना समजावून सांगितलं आहे. कोणाला सांगितलं होतं?"

"मला," मी म्हणालो.

मला आठवत होतं. हॉस्पिटलातल्या एका बाईंनी मला वेगळ्या खोलीत बसवून अर्धा तास समजावलं होतं. शेवटी विचारलं, मुलं किती? मी म्हटलं, मुलगी नाही, एकच मुलगा आहे. त्या म्हणाल्या, मुलालाही सांगा, त्यालाही तपासून घ्यावं लागेल. मी मान हलवली. बाहेर येईपर्यंत विसरून गेलो होतो. विसरलो असंही नाही. मुलगाच तर आहे, त्याचा काय संबंध, असं मनात धरून मी तो कागद फाइलमध्ये घातला होता.

हे सगळं मी त्या दोघींसमोर बोललो. ऋतिका माझ्याकडे बघत राहिली.

डॉक्टरांनी तिच्या रक्ताची तपासणी लिहून दिली. रिपोर्टला चार आठवडे लागणार होते. तोपर्यंत बाईच्या हार्मोनची गोळी थांबवायची. ऋतिकाने विचारलं, आणि दोष निघाला तर? त्या म्हणाल्या, तर मग आपण तिघं बसून बोलू, मी एका शब्दात हो किंवा नाही सांगणार नाही. जिना उतरताना ऋतिका मला म्हणाली, "झालं तुमच्या मनासारखं?" आणि एकटीच पुढे गेली.

त्याच आठवड्यात सोनोग्राफी झाली, त्यात वावगं काही नव्हतं. राहिलं रक्त. ते चार आठवडे आमच्या खोलीत भांड्यांचाच काय तो आवाज होता. मी चहा ठेवायचो, ती प्यायची. आनंदीबाईंनी एकदा मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, बापलेकांत काय बिनसलंय का. मी म्हटलं, आजारपण आहे. त्यांनी पुढे विचारलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती मोरीतून आली ती रडतच. मी घाबरून विचारलं. ती म्हणाली, "दुखायचं थांबलंय." मला समजायला वेळ लागला. लोक दुखणं थांबलं की सुटकेचा श्वास टाकतात. तिला वाटत होतं, जे यायला लागलं होतं ते आता परत जातंय.

ऑफिसला निघताना तिने बॅगेतून एक गोळ्यांची पट्टी काढून माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, मैत्रिणीने दिल्यात, त्याच आहेत. कालपासून बॅगेत आहेत. अजून घेतलेल्या नाहीत. मी हात पुढे करीन आणि पट्टी उचलून घेईन असं तिला वाटलं असावं. मलाही तसंच वाटलं होतं. पण आज उचलली तरी उद्या दुसरी येईल. सव्वीस वर्षांच्या माणसाच्या बॅगा किती तपासणार?

मी तिला म्हटलं, बस जरा.

"तू त्या दिवशी म्हणालीस, मी विचारलं नाही. पहिल्यांदा मी विचारलं होतं. दुसऱ्यांदा नाही विचारलं. कारण दुसऱ्यांदा मला कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"ब्लाउज आतून बघितला. डाव्या बाजूला डाग होता, पाण्यासारखा. आणि माप एका बाजूला एवढं वाढत नाही. तीस वर्षं मी दुसरं काय करतोय? मला कळलं होतं काहीतरी वाईट आहे. पण विचारलं तर ती सांगेल, आणि सांगितलं तर ते खरं होईल, असं वाटलं. म्हणून मी डाग धुतला आणि टीप मारली. चार महिने, ऋतिका. ते चार महिने तिचे होते, ते मी घालवले."

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तिचं नावही मी पहिल्यांदाच घेतलं होतं. घेऊन गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

तिच्या ऑफिसची वेळ टळून गेली. शेवटी तिने विचारलं, "आईला माहीत होतं? तुम्हाला कळलंय ते?"

"धुतलेला ब्लाउज तिनेच घातला ना. कळलं असणार."

ती उठली. पट्टी तिने फेकली नाही, मला दिलीही नाही. परत बॅगेत टाकली आणि म्हणाली, "रिपोर्ट येईपर्यंत नाही घेणार. पण माझ्यावर नजर ठेवू नका." मी म्हटलं, नाही ठेवणार. ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. ती बॅग कॉटखाली असायची आणि मी एकदाही उघडली नाही.

रिपोर्टच्या दिवशी आम्ही दोघं बरोबर दादरला गेलो. डॉक्टरांनी पाकीट आमच्यासमोर फोडलं. वाचलं, आणि सरळ सांगितलं की आईचा दोष हिच्यात उतरलेला नाही. गोळ्या आजपासून चालू करायला हरकत नाही. पण धोका अगदीच नाही असं कोणत्याच बाईला सांगता येत नाही, हिलाही नाही. वर्षातून एकदा इथे दाखवायचं. मधल्या काळात काही वेगळं वाटलं तर लपवायचं नाही. हे म्हणताना त्या आम्हा दोघांकडे बघत होत्या. मी विचारलं, वेगळं म्हणजे काय? त्यांनी मला नीट समजावलं. हलत नाही अशी गाठ. कातडी आत ओढली जाणं. निपलमधून पाणी किंवा रक्त. एकाच बाजूला, काखेकडे. मी सगळं त्यांच्याच कागदाच्या मागे लिहून घेतलं. ऋतिका म्हणाली, "बाबा, पुरे." मी लिहून संपवलं.

जिन्यातच तिने बाटलीतल्या पाण्याबरोबर गोळी घेतली. माझ्यासमोर.

त्याला आता दीड महिना झाला. चाळीत अजून सगळ्यांना सांगितलेलं नाही. गावाला तर नाहीच. ते सोपं असणार नाही आणि मला ते जमेलच असं मी म्हणत नाही. कधी कधी जुनं नाव तोंडातून निघतं आणि ती ओ देत नाही.

परवा सकाळी मी स्टो पुसत होतो. ती केस विंचरत होती. विंचरता विंचरता थांबली आणि म्हणाली, "बाबा, परत दुखतंय."

ती खूश होती, तिच्या आवाजातच कळत होतं. मला मात्र आधी मंजुळाचा ब्लाउज आठवला. तो बहुतेक दर वेळी आठवणार. मी फडकं खाली ठेवलं.

"कुठे?"

"छातीत. अजून कुठे?"

"कुठल्या बाजूला?"

"दोन्हीकडे. डावीकडे जरा जास्त."

"निपलच्या खालीच का काखेकडे?"

"खाली."

"हाताने हलतं?"

"हलतं हो."

"कातडी ओढल्यासारखी? पाणी?"

"नाही. नाही." तिने कंगवा खाली ठेवला. "डॉक्टर पण एवढं विचारत नाहीत."

"मी विचारणार," मी म्हणालो. "पुढच्या महिन्यात पण विचारणार."